कट्ट्यावरची जत्रा

कोल्हापूरला मी जत्रा बघायला गेले नव्हते, भांडायला गेले होते.

तिथल्या एका पेठेत, एका लांबलचक गल्लीत, पौषात मरगाई देवीची जत्रा भरते. गल्लीचा रस्ता डांबरी झाला, त्यावरून बस जाऊ लागली, तेव्हा नगरपालिका म्हणाली की जत्रा आता मैदानावर न्या. गल्लीनं ऐकलं नाही. तिनं ‘जत्रा जतन मंडळी’ नावाची संस्था काढली आणि आमच्या साप्ताहिकाला निरोप धाडला की, कुणी लिहिणारं पाठवा, येऊन पाहा, चार शब्द लिहा. संपादकांनी मला विचारलं. ‘जतन’ हा शब्द ऐकूनच माझ्या कपाळाला आठी पडली. माझे वडील चाळीसगावात लहानसा छापखाना चालवतात. हुंडा, अंगात येणं, अस्पृश्यता यांच्याविरुद्धची पत्रकं वाचत मी अक्षरं शिकले. जुनं म्हणून जे जे राखलं जातं, त्याच्या तळाशी कुणाला तरी दाबून ठेवलेलं असतं, असं मला वाटे. अजूनही बरंचसं तसंच वाटतं.

म्हणून मी गेले. मनात लेख अर्धा तयार होता. उरलेला अर्धा तिथं जाऊन भरायचा होता, इतकंच.

आक्काचं दार

उतरले ती माझ्या मैत्रिणीच्या मावशीकडे. गल्ली तिला आक्का म्हणते, मीही म्हणू लागले. पन्नाशीची, विधवा, पदरी म्हशी आणि दुधाचा रतीब. मूल नाही. मंडळींतली ती एकटी बाई सभासद. मी टांग्यातून उतरले तेव्हा ती दारातच म्हशीची धार काढत होती आणि दोन पैलवान पोरं पेले घेऊन रांगेत उभी होती. मला बघून तिनं त्यातल्या एकाच्या हातातला पेला काढून घेतला, भरला आणि माझ्यापुढे धरला.

“घे. गाडीत उपाशीच आली असशील की.”

दूध ऊन होतं, फेसाळ होतं, आणि त्याला म्हशीचा वास होता. आमच्याकडे असं दूध पिणाऱ्याला वेडा म्हणतील. मी डोळे मिटून प्यायले. पैलवान हसले.

आक्काच्या बोलण्यानं मी पहिल्यांदा दचकले. “मी तुला स्टेशनावर घ्यायला येणार होतो,” ती म्हणाली, “पर म्हस आडली.” इथल्या बायका असंच बोलतात, ‘मी गेलतो’, ‘मी बसतो’. दोन दिवसांत माझ्या कानाला त्याची सवय झाली; इतकी, की आमच्याकडचं ‘मी आले, मी गेले’ मला थोडं लाजरं वाटू लागलं.

जेवणात ज्वारीची भाकरी, पिठलं आणि हिरव्या मिरचीचा खर्डा होता. आम्ही खानदेशी माणसं तिखटाला भीत नाही, अशी माझी समजूत होती. पाणी मागायची वेळ आली तेव्हा आक्कानं पाणी न देता काकवीची वाटी पुढे सरकवली. गुऱ्हाळाचे दिवस होते. गावात कुठंही उभं राहिलं तरी उसाच्या उकळत्या रसाचा वास यायचा.

जेवता जेवता तिनं जत्रेची रीत सांगितली आणि माझ्या अर्ध्या तयार लेखाला पहिला धक्का बसला.

आमच्याकडे जत्रा नदीच्या वाळवंटात भरते. गाड्या सुटतात, राहुट्या पडतात, विकणारा कुणाचा नसतो आणि घेणाराही कुणाचा नसतो. इथं तसं नाही. गल्लीतल्या प्रत्येक दारासमोर एक ठरलेला विक्रेता बसतो. बाप बसायचा तिथंच मुलगा बसतो. त्या दाराचा तो ‘जत्रेकरी’. दुपारी त्या घरानं त्याला आत बोलावून सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, जेवू घालायचं. त्यानं बोहनीच्या वेळी आपल्या मालातली एक वस्तू त्या घराला द्यायची. चंदगडकडचा बुरूड एका दाराचा, बत्तासेवाला दुसऱ्या दाराचा. लग्नामुंजीची बोलावणी जातात, मयताला माणसं येतात. आक्काचा जत्रेकरी इचलकरंजीचा, पंचे आणि लुगडी घेऊन येणारा. यंदा तो येणार नव्हता. यंत्रमागावर पाळीला लागला होता आणि त्याला रजा नव्हती.

मैदानावर दारं नसतात. मंडळी कशाचं जतन करू पाहत होती ते मला कळलं, आणि माझ्या कपाळाची आठी थोडी सैल झाली.

मंडळींची बैठक

मंडळींचे अध्यक्ष बापूसाहेब, कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. त्यांच्या सोप्यात बैठक होती. बापूसाहेबांनी मोठ्या आनंदात मला बातमी दिली की मंडळींनी तोड काढली आहे आणि नगरपालिकेतल्या इंजिनियरांनी ती मान्यही केली आहे. रस्ता मोकळा राहिला की नगरपालिकेचं काही म्हणणं नाही. मग जत्रा रस्त्यावर भरवायचीच नाही. प्रत्येक घरापुढे दगडी कट्टा आहेच. जत्रेकऱ्यानं रस्त्यावरून उठून कट्ट्यावर बसायचं. बस खालून जाईल, जत्रा वर भरेल.

सगळे खूश होते. चहा आला. कुणीतरी म्हणालं की ह्या डोक्यानं बापूसाहेब वकीलच व्हायचे. मीही मनातल्या मनात दाद दिली.

तेवढ्यात आक्कानं विचारलं, “आनि सखाराम?”

बापूसाहेबांनी कप खाली ठेवला.

सखाराम चपला करणारा. जातीनं चर्मकार. त्याच्या आज्यापासून त्याच्या घरचे गल्लीच्या वळणावर, जुन्या पागेच्या भिंतीपुढे बसत आले. त्या भिंतीला दार नाही. म्हणजे सखाराम कुणाच्याच दाराचा जत्रेकरी नव्हता. तो आपली भाकरी बांधून आणायचा आणि भिंतीकडे तोंड करून खायचा. रस्ता सगळ्यांचा होता तोवर हे कुणाला दिसलं नाही. निदान कुणी बोललं नाही. आता सगळी जत्रा कट्ट्यावर चढणार होती, आणि पागेच्या भिंतीला कट्टाही नव्हता.

बापूसाहेबांनी फळ्यांचा माचा सुचवला; तो रस्त्यातच येणार होता. दुसऱ्या एकानं त्याला देवळामागे बसवू म्हटलं; तिथं गिऱ्हाईक फिरकत नाही. कट्टे सगळ्यांच्या घराला होते, पण आपल्या कट्ट्याचं नाव कुणी काढलं नाही. कट्टा म्हणजे रस्ता नव्हे, कट्टा म्हणजे घर. जत्रा वाचवता वाचवता मंडळींनी आपल्याच हातांनी हा प्रश्न उंबऱ्यापर्यंत आणून ठेवला होता.

मी उठले आणि बोलले. घटनेनं काय सांगितलं आहे, ते बोलले. ज्या शहरात संस्थानाच्या काळात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहं निघाली, त्या शहराला हे शोभत नाही, असं बोलले. चांगलं बोलले असावे, कारण मध्ये कुणी खोकललंसुद्धा नाही. शेवटी बापूसाहेबांनी हात जोडले.

“ताई, तुमचं एक अक्षर खोटं नाही. पण या गल्लीत तुमचं दार नाही की.”

त्यात टोमणा नव्हता. मी खाली बसले.

“माझं हाय,” आक्का म्हणाली. “माझा इचलकरंजीवाला यंदा येत न्हाय. कट्टा मोकळाच हाय.”

सखारामची अट

दुसऱ्या दिवशी आक्का आणि मी सखारामकडे गेलो. वस्तीत शिरताच बाभळीच्या सालीचा आंबूस वास आला. कातडं त्यातच कमावतात. सखाराम अंगणात पाटावर बसून चपलेच्या तळाला टाके घालत होता. चाळिशीचा माणूस, केस बारीक कापलेले. आमच्यासाठी त्यानं घोंगडं टाकलं. मी त्याच्या घरचा चहा मागून घेतला आणि मोठ्या धैर्यानं प्यायले. ते धैर्य त्याला दिसलं असावं. तो म्हणाला, “ताई, च्या साधाच हाय. औषध असल्यावानी पिऊ नका.”

आक्कानं निरोप सांगितला. मला वाटलं, आता हा माणूस हात जोडील. त्यानं टाका ओढून पुरा केला, दोरा तोडला आणि मग बोलला.

“बसीन की. पर आक्का, एक सांगा. जत्रा सरली की दुसऱ्या दिवशी कट्टा धुनार न्हवं?”

“समद्यांचेच कट्टे धुत्यात,” आक्का म्हणाली. “रीतच हाय ती.”

“व्हय. त्यांच्या कट्ट्यावर त्याल सांडतंय, गुळाचा चिकटा पडतोय. ते धुत्यात. माज्या कट्ट्यावर काय सांडनार? कातड्याची दोन चिप्पाडं. ती झाडूनबी जात्यात.” त्यानं दुसरी चप्पल उचलली. “मी उठल्यावर पानी मारनार असला, तर आपली भित बरी हाय. भितीला कोन धूत न्हाय.”

आक्का उठली. परत येताना मात्र सगळा रस्ता ती त्याच्यावर चिडलेली होती. स्वतः होऊन दारात गेलो आणि हा अटी घालतो, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, अट सोपी आहे, एक दिवस पाणी मारू नको म्हणजे झालं. ती वाटेत थांबली.

“सोपी हाय व्हय?”

मग तिनं मला ते पाणी काय आहे ते सांगितलं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीतली प्रत्येक बाई आपला कट्टा धुते, सडा घालते, रांगोळी काढते, आणि मगच चूल पेटते. त्या पाण्यानं देवी वाटेला लागते, जत्रेचं तोंड मिटतं. ज्या घरानं पाणी मारलं नाही तिथं देवी अडून राहते. ती रागावली तर गोठ्यावर राग काढते. आक्काच्या सासूनं मरताना तिला घराबद्दल जे थोडं सांगितलं त्यात हे होतं. आणि आक्काचं सगळं घर म्हणजे तिचा गोठा.

मी पत्रकांत वाढलेली मुलगी. देवी गोठ्यावर राग काढते, यावर माझ्याकडे उत्तरांचा साठा होता. मी त्यातली दोन दिलीही. नंतर असंही सुचवलं, की पाणी मार आणि सखारामला सांग, तेलासाठी मारलं.

“त्याला फशिवू, का देवीला?” आक्कानं विचारलं.

त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली, ती इथं लिहून ठेवते. मंडळींतले बाकीचे लोक जत्रेची मांडणी जपत होते. आक्का जत्रा मानत होती. सखारामला जागा देणं तिला जड नव्हतं. रीत मोडणं जड होतं. आणि सखारामनं नेमकं त्या रितीवरच बोट ठेवलं होतं, कारण जागा मिळून त्याला काहीच मिळणार नव्हतं, जर ती नंतर धुतली जाणार असेल. दोघांचंही म्हणणं मला पटत होतं. अशी वेळ माझ्यावर फारशी येत नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी आक्का एकटीच बाहेर गेली. आली तेव्हा म्हणाली, “मी गेलतो त्याच्याकडं. येतोय.” कट्ट्याचं काय ठरलं, असं विचारलं, तर म्हशीला वैरण टाकायला निघून गेली.

जत्रा

अशी जत्रा मी पाहिली नव्हती. मध्ये काळा रस्ता रिकामा आणि दोन्ही बाजूंना माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर बाजार. बांगड्या, बत्तासे, दळायची जाती, घोंगडी, लाकडी बैल. बस आली की रस्त्यावरचे लोक कट्ट्यांना चिकटत, आणि बसमधले खिडकीतून हात काढून खालच्यांच्या डोक्यावरून भाव विचारत. ड्रायव्हरनं एका कट्ट्याशी गाडी उभी करून गुळाची ढेप घेतली तेव्हा बापूसाहेबांनी कपाळाला हात लावला. इंजिनियरसाहेब समोरच होते. पण ते स्वतःच भजी खात होते.

सखाराम उजाडताच आला. कोपरा झाडून त्यानं दोरीवर जोड टांगले, गोंड्याचे, वेणीचे, चालताना करकर वाजणारे. बोहनीचा जोड त्यानं आक्कापुढे ठेवला. तिनं तो घातला आणि गोठ्यापर्यंत चालून आली.

काही माणसं त्या कट्ट्याजवळ आली की पाय जरा उचलत. शेजारच्या दारातली तानूबाई, आक्काची रोजची मैत्रीण, तिनं आपल्या बत्तासेवाल्याला पलीकडच्या कडेला सरकवलं. पण कोल्हापूरच्या माणसाला चपलेचा शौक भारी. मुरगूडकडचा एक शेतकरी जोड घालून कट्ट्यावर येरझाऱ्या घालू लागला आणि ओरडला, “आवाज कमी हाय, पावणं!”

सखाराम म्हणाला, “आवाज पायांत आसतोय, चपलंत न्हाय. जरा दमानं टाका की पाय.” भोवतालचे हसले आणि शेतकऱ्यानं जोड घेतला.

दुपारी आक्कानं सोप्यात पाट मांडला आणि त्याला हाक मारली. सखाराम म्हणाला, इथंच द्या, माल उघडा पडंल. आक्का म्हणाली, जत्रेकरी सोप्यात जेवतो, मालाजवळ ही बसेल. ही म्हणजे मी. त्यानं एकदा उंबऱ्याकडे पाहिलं, पाय धुतले आणि आत गेला.

मी गल्ल्यावर बसले आणि लगेच एका मास्तरांना दोन्ही डाव्या पायांच्या चपला विकल्या. ते परत येऊन भांडत होते, तेवढ्यात टांग्यातून आक्काची नणंद उतरली. ती दर साली मुरगूडहून जत्रेला यायची आणि दोन दिवस राहायची. आक्काला सासरचं म्हणून तेवढंच माणूस उरलं होतं. उंबऱ्यात पाय टाकायच्या आधीच तिला आतलं दिसलं.

“वैनी, ह्यो कोन सोप्यात?”

“माझा जत्रेकरी,” आक्का म्हणाली. तिच्या हातात पुरणपोळीची परात होती. “या वन्सं, तुमचंबी पान वाढतो.”

नणंदेनं हातातली पिशवी खाली ठेवली नव्हती. ती तशीच वळली. आक्का परात घेऊन उंबऱ्यापर्यंत आली, दोनदा “वन्सं” म्हणाली. पाण्याचा थेंबही न घेता बाई त्याच टांग्यात बसून गेली. सखाराम अर्ध्या पानावरून उठू लागला. आक्कानं मागं वळून त्याला एवढंच सांगितलं, की पान टाकून उठायची रीत आमच्याकडे नाही. मग तिनं त्याला आणखी एक पोळी वाढली, त्यावर तूप घातलं, आणि मागल्या दारी गेली. बराच वेळ गोठ्यातच होती.

मास्तर हे सगळं बघून भांडण विसरले. मी त्यांना उजव्या पायाची चप्पल शोधून दिली.

दुसरा दिवस

पहाटे गल्लीभर पाण्याचा आवाज चालू झाला. मी बाहेर आले. बायका बादल्या ओतत होत्या, खराटे घासत होत्या, दगड काळे चकचकीत दिसत होते. तानूबाईचा कट्टा धुऊन झाला होता.

आक्का अंघोळ करून बाहेर आली. तिच्या हातात खराटा होता, बादली नव्हती. तिनं कातड्याचे तुकडे गोळा केले, सुपात भरले. मग कोरड्या दगडावर बसून ती रांगोळी काढू लागली.  रेघ दोनदा तुटली.

तानूबाई आपल्या कट्ट्यावरून बघत होती. “आक्का, पानी इसरलीस व्हय गं?”

“न्हाय,” आक्का म्हणाली. “इसरलो न्हाय.”

ती आत गेली, आधी गोठ्यात डोकावली, आणि मग चूल पेटवली.

माझा पाय घरात ठरेना. पळत जाऊन सखारामला सांगावं, त्याला आणून तो कोरडा कट्टा दाखवावा, असं झालं होतं. आक्कानं मला अडवलं. त्याला बघायचं असेल तर तो येईल, आपण साक्षीदार पाठवायचे नाहीत, म्हणाली. मी दारात बसून राहिले. मंडळींनी जत्रा वाचवली होती. बापूसाहेब येऊन सांगून गेले की इंजिनियरसाहेब खूश आहेत आणि पुढल्या वर्षीही अशीच भरवू. सखारामचं पुढल्या वर्षी काय, हे त्यांनी काढलं नाही. बाकीच्या कुठल्या दारानंही काढलं नाही. माझा लेख याच ठिकाणी संपवावा आणि कडक संपवावा, असं मी ठरवत होते.

ऊन वर आलं. दगड तापले आणि भराभर वाळत गेले. थोड्याच वेळात सगळी गल्ली एकसारखी करडी दिसू लागली. कुठला कट्टा धुतला होता आणि कुठला नाही, हे आता नुसत्या नजरेनं कुणालाही सांगता आलं नसतं.

सखाराम आला तो तेव्हा. खांद्यावर जोड टांगायची दोरी होती. काही विसरलं म्हणून आलो, असंही तो म्हणाला नाही. कट्ट्यापुढे उभा राहिला. मला वाटलं, आता विचारील. माझ्या ओठावर उत्तर तयार होतं. आक्का उंबऱ्यात आली. 

“तुमच्या वन्सं काल जेवल्या न्हाईत न्हवं?” त्यानं विचारलं.

“न्हाईत.”

“मग त्यांच्या वाटणीची पोळी शिल्लक आसंल की.”

 आक्का काल दुपारपासून पहिल्यांदा हसली.

“शिळी हाय.”

“शिळीच ग्वाड लागती,” सखाराम म्हणाला, आणि पायातल्या चपला खाली काढून कट्ट्यावर बसला.